चिकनच्या तंगड्या घरी उकडताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

माझं माहेर खानापूर तालुक्यातलं, सासर बेळगावात शहापूरला. माहेरी कोंबडी परड्यातली असायची, इथं ती दुकानातून कापून येते. दोन्हीकडच्या चुलीवर हात भाजून घेतलेत. भाच्या, पुतणे, जिमला जाणारी गल्लीतली पोरं आणि नव्यानं संसार मांडलेल्या शेजारणी हेच प्रश्न फिरून फिरून विचारतात, म्हणून एकदाच लिहून ठेवते.

तंगड्या किती वेळ उकळायच्या?

आधी शब्द नीट करू. उकळतं ते पाणी, तंगडी उकडायची असते. पुतण्याला पहिल्यांदा सांगितलं तेव्हा त्यानं गॅस मोठा करून पाऊण तास खदखदवलं. बाहेरचं मांस चिंध्या होऊन पाण्यात तरंगत होतं आणि आतलं चावताना दोरीसारखं लागत होतं. रस्साही गढूळ, तांदळाच्या धुवणासारखा.

झालं काय, तर मोठ्या आचेवर मांसाचे धागे आवळतात आणि आतलं पाणी पिळून बाहेर टाकतात. तंगडी हा कोंबडीचा राबणारा अवयव, त्यामुळं तिच्यात शिरा आणि चिवट पडदे छातीपेक्षा जास्त. ते पडदे विरघळून मऊ व्हायला जोराची नाही, वेळेची गरज असते. म्हणून पाण्याला एक उकळी आली की गॅस बारीक करायचा. पातेल्याच्या कडेनं अधूनमधून एखादा बुडबुडा वर यावा, एवढंच. झाकण तिरकं ठेवायचं.

या आचेवर बॉयलर कोंबडीच्या सुट्या ड्रमस्टिकला पंचवीस ते तीस मिनिटं लागतात, मांडीसकट अख्ख्या तंगडीला पस्तीस ते चाळीस. वेळ मोजायची ती उकळी आल्यानंतर. नंतर गॅस बंद करून त्याच पाण्यात दहा मिनिटं झाकून ठेवा. ही दहा मिनिटं कुणी पाळत नाही, आणि मग चिकन कोरडं झालं म्हणून मलाच फोन येतो.

दुकानात नेमकं काय मागायचं?

इथल्या दुकानात भाषा अर्धी मराठी, अर्धी कन्नड. पुण्याहून आलेल्या माझ्या भाचीला दुकानदारानं विचारलं, "आक्का, काल बेकेन्री?" ती बिचारी म्हणाली, "कालचं नको, आजचं ताजं द्या!" कन्नडमध्ये काल म्हणजे पाय. त्याला काही कळलं नाही, मागं रांगेत उभ्या असलेल्यांना मात्र सगळं कळलं.

तर नुसतं "लेग" म्हणू नका. गर्दीत एखादा पंजेही टाकून देतो. पंजे म्हणजे नखांचे पाय. त्यांचा रस्सा चांगला होतो, पण खायला मांस नसतं. "अख्खी तंगडी, मांडीसकट" किंवा "खालचा ड्रमस्टिक" असं स्पष्ट सांगा. ड्रमस्टिक साधारण शंभर ग्रॅमच्या आसपास भरतो, अख्खी तंगडी दोनशे ते अडीचशे. शक्यतो सारख्या आकाराच्या घ्या, नाहीतर एक शिजून गळते तेव्हा दुसरी हाडाजवळ कच्ची असते.

आणखी एक. तंगडी दिसली की दुकानदार सवयीनं तिला सुरीनं चिरा मारतो. त्या चिरा तंदुरीला. उकडायच्या तंगडीला चिरा नकोत, म्हणून सुरी उचलायच्या आधीच सांगा.

कातडी ठेवायची की काढायची?

बॉयलरची काढा. उकडलेली कातडी रबरासारखी लागते आणि तिची चरबी रश्श्यावर तरंगते. नाहीतरी इथले दुकानदार न विचारताच सोलतात.

जवारीची, म्हणजे गावठी कोंबडीची, गोष्ट वेगळी. आमच्या माहेरी कोंबडी सोलत नसत. पिसं उपटून झाली की जाळावर फिरवून बारीक लव होरपळायची, मग कातडीला हळद चोळून पुन्हा एकदा धग दाखवायची. कातडी पिवळीधमक होऊन ताणायची आणि घरभर तो धुरकट वास पसरायचा. तसली कोंबडी शिजवली की रश्श्याला जी चव येते तिला मसाल्याची गरज नसते. गॅसवर हे करून पाहिलंय. होतं, पण तेवढं नाही.

चिकन धुवायचं की नाही? मुलगी म्हणते धुवू नये.

मुलगी बरोबर सांगते. कच्च्या चिकनवर साल्मोनेला, कॅम्पिलोबॅक्टर असले जंतू असू शकतात. नळाखाली धुतलं की पाण्याचे शिंतोडे ओट्यावर, शेजारच्या कोथिंबिरीवर, धुतलेल्या ताटांवर उडतात. जंतू मरतात ते शिजवल्यानं, धुतल्यानं नाही.

पण आपल्याकडं न धुता पातेल्यात टाकायला हात धजत नाही, हेही खरं. माझाही नाही. मी मधला मार्ग काढलाय. खोलगट भांड्यात पाणी, थोडं मीठ आणि हळद घेते, त्यात तंगड्या बुडवून हलक्या हातानं चोळते आणि पाणी सिंकमध्ये सावकाश ओतते. नळ सोडत नाही. नंतर सिंक, सुरी, पाट आणि हात साबणानं. कोशिंबिरीची काकडी त्या पाटावर चिरायची नाही.

पाणी गार घ्यायचं की गरम?

रस्सा हवा असेल तर गार. पाणी हळूहळू तापताना तंगडीचा कस त्यात उतरतो. नुसतं मांस खायचं असेल तर उकळत्या पाण्यात सोडा. आमच्या घरात रश्श्यावरून भांडणं होतात, त्यामुळं मी कायम गारच घेते. तंगड्या बुडून वर दोन बोटं पाणी राहील एवढं. अर्धा किलोला साधारण सव्वा लिटर.

वर पांढरा-करडा फेस येतो. चिकन खराब आहे का?

नाही. मांसातलं प्रथिन उष्णतेनं गोठून वर येतं, तोच तो फेस. पहिल्या पाच-सात मिनिटांत पळीनं काढून टाका. नाही काढला तरी पोट बिघडत नाही, फक्त रस्सा गढूळ होतो.

पाण्यात काय काय घालायचं?

मीठ, हळद, ठेचलेलं आलं-लसूण. झालं. अर्ध्या किलोला एक सपाट चमचा मीठ सुरुवातीलाच, म्हणजे ते हाडापर्यंत मुरतं. फेस काढल्यावर आलं-लसूण घाला, नाहीतर फेसाबरोबर निम्मा पळीत निघून जातो. हाताशी असतील तर अर्धा कांदा आणि कोथिंबिरीच्या काड्या. काड्या फेकू नका, पानांपेक्षा वास त्यांनाच जास्त.

लवंग-दालचिनी घालणारे घालतात. मी नाही घालत. आळणीला दालचिनीचा वास आला की मला मंगल कार्यालयाच्या पुलावाची आठवण येते.

आळणी म्हणजे नेमकं काय?

हे बाहेरगावच्या लोकांचं. बेळगाव, निपाणी, चिकोडी पट्ट्यात हा प्रश्न कुणी विचारणार नाही. मटण किंवा चिकन मीठ-हळद-आलं-लसणात शिजवल्यावर जे पाणी उरतं ते आळणी. कोशातल्या अळणीचा अर्थ मिठाशिवाय, पण या आळणीत मीठ असतं, नसतं ते तिखट. चटणी पडायच्या आधीचा रस्सा असं समजा.

तंगड्या उकडल्या आणि पाणी ओतून दिलं असं कुणी सांगितलं की माझ्या पोटात कालवतं. निम्मं जेवण त्या पाण्यात असतं. घरी चिकन शिजताना लहान पोरं वाटी घेऊन ओट्याजवळ घुटमळायची ती या आळणीसाठीच. वर थोडी मिरपूड, लिंबाचे दोन थेंब, एवढ्यावर पावसाळ्यातली संध्याकाळ निघते. आणि आमच्या भागातल्या बेळगाव बासमतीचा भात पाण्याऐवजी याच आळणीत शिजवून बघा.

कुकरला लावलं तर चालतं का? किती शिट्ट्या?

चालतं, पण बॉयलरच्या तंगडीला कुकर म्हणजे मुंगीला मुसळ. कुकरात पाणी शंभर अंशांच्या बरंच वर जातं आणि कोवळं मांस हाडावरून गळून पडतं. घाईच असेल तर पहिली शिट्टी झाल्यावर गॅस बारीक करून पाच मिनिटं, मग बंद. वाफ आपोआप जिरू द्या. शिट्टी उचलून वाफ सोडली की आतलं पाणी एकदम खळखळतं आणि मांस कोरडं पडतं. शिट्ट्या मोजून सांगत नाही, कारण प्रत्येक कुकरचा स्वभाव वेगळा. माझा जुना कुकर दर मिनिटाला ओरडायचा, नवा ओरडायला तयारच नसतो.

मग जवारी कोंबडीचं काय?

तिथं कुकरच. जवारी हिंडून-फिरून दाणे टिपते, तिचं वय जास्त, पाय घट्ट. बॉयलर सहा-सात आठवड्यांत दुकानात येते, जवारीला त्यासाठी कित्येक महिने लागतात. पहिल्या शिट्टीनंतर बारीक गॅसवर वीस ते पंचवीस मिनिटं द्या, उघडून बघा, लागली तर आणखी दहा. पातेल्यात करायची तर दीड-दोन तास धरून चाला आणि मध्ये पाणी घालायचं तर गरमच.

म्हातारा कोंबडा असेल तर कच्च्या पपईचा तुकडा ठेचून तासभर चोळून ठेवा, तिच्या चिकात मांस मऊ करणारा पदार्थ असतो. सासूबाई सुपारीचं खांड टाकायच्या. मी सुपारी टाकून आणि न टाकता, दोन्ही करून पाहिलं. मला फरक दिसला नाही. हे त्यांच्यासमोर कधी बोलले नाही.

मालवणच्या जाऊबाई म्हणतात त्यांच्याकडं लवकर शिजतं. बेळगाव उंचावर आहे म्हणून का?

बेळगाव समुद्रसपाटीपासून साधारण ७५० मीटर उंच. दर तीनशे मीटरला पाण्याचा उकळबिंदू सुमारे एक अंशानं उतरतो, म्हणून आपल्याकडं पाणी शंभरला नाही, साडेसत्त्याण्णवच्या आसपास उकळतं. गावाला बेळगाव म्हणा नाहीतर बेळगावी, पाणी उकळतं त्याच अंशावर. पातेल्यात तुरीची डाळ शिजवताना हा फरक जाणवतो. तंगडी आपण मुळातच उकळीच्या खाली ठेवतो, तिला कसला फरक पडणार? जाऊबाईंचा गॅस मोठा असेल.

शिजली हे कसं ओळखायचं?

खात्रीचा उपाय म्हणजे खाण्याच्या पदार्थांचा थर्मामीटर. सुई मांसाच्या सर्वात जाड भागात घालायची, हाडाला टेकू द्यायची नाही. ७४ अंश सेल्सिअस झालं की खायला सुरक्षित. पण तंगडी तेवढ्यावर काढू नका. ८० ते ८५ पर्यंत नेली की ते चिवट पडदे विरघळतात आणि मांस खऱ्या अर्थानं मऊ होतं. छातीच्या पीसला इतकं नेलं तर भुसा होतो, तंगडी हे सोसते.

थर्मामीटर नसेल तर ड्रमस्टिकच्या खालच्या टोकाकडं बघा. घोट्याजवळचं मांस आखडून वर सरकतं आणि हाडाचं पांढरं बोंड उघडं पडतं. मग जाड भागात सुरीचं टोक घाला. पाणी स्वच्छ आलं आणि सुरी अडली नाही तर झालं.

शिजली तरी हाडाजवळ लालसर दिसतं. कच्ची राहिली का?

याच्यावरून जेवणाची ताटं परत आलेली मी पाहिलीत. बॉयलर कोंबडी इतकी कोवळी असते की तिची हाडं पुरती भरलेली नसतात. शिजताना आतल्या मगजाचा रंग पाझरून हाडालगतच्या मांसात उतरतो, कधी लाल, कधी काळपट. फ्रीझरमधून काढलेल्या तंगडीत हे जास्तच दिसतं. तेव्हा नुसत्या रंगावरून ठरवू नका. मांस बुळबुळीत, काचेसारखं दिसत असेल आणि हाड सोडत नसेल तर कच्चं. घट्ट, धागे सुटलेलं आणि फक्त लालसर असेल तर पुरेशी गरम झालीय का एवढं तपासा. शंका असेल तर पुन्हा पाच मिनिटं पाण्यात, काही बिघडत नाही.

फ्रोझन तंगड्या थेट टाकल्या तर?

हा धडा मी जावईबापूंसमोर शिकले. पाहुणे अचानक आलेले, फ्रीझरमध्ये पाकीट होतं. दगड झालेल्या तंगड्या तशाच कुकरात टाकल्या, दोन शिट्ट्या काढल्या आणि वाढलं. जावईबापूंनी पहिला घास घेतला आणि तंगडी हळूच ताटाच्या कडेला ठेवली. वरून मऊ, हाडाजवळ गार! माणूस सभ्य, काही बोलले नाहीत. रात्रभर मलाच झोप नाही.

आदल्या रात्री फ्रीजच्या खालच्या कप्प्यात ठेवा, खाली ताटली ठेवून, म्हणजे पाणी भाजीवर गळणार नाही. घाई असेल तर बंद पिशवीत घालून गार पाण्यात बुडवा आणि दर अर्ध्या तासाला पाणी बदला. दिवसभर ओट्यावर ठेवून मोकळं करू नका, आत बर्फ वितळेपर्यंत बाहेर जंतूंची जत्रा भरलेली असते. अगदीच नाइलाज असेल तर गोठलेल्या तंगड्या पातेल्यात बारीक आचेवर शिजवता येतात, पण वेळ दीडपट धरा आणि आतून तपासल्याशिवाय वाढू नका.

आळणीचा पुढं रस्सा कसा करायचा?

तांबड्यासाठी सुकं खोबरं, कांदा आणि थोडे तीळ भाजून वाटा. तेलात वाटण परता, मग घरची चटणी. आमच्याकडं तिखटाच्या डब्यातल्या मसाल्याच्या पुडीला चटणीच म्हणतात. रंगाला ब्याडगी आणि झणक्याला संकेश्वरी, असं मिश्रण करतात. संकेश्वर आपल्याच हुक्केरी तालुक्यातलं, तेव्हा मिरची बाहेरून आणायचं कारण नाही. तेल सुटल्यावर गरम आळणी ओता. गार ओतली तर तर्री वर येत नाही.

पांढऱ्यासाठी काजू, खसखस आणि पांढरे तीळ भिजवून गंधासारखं बारीक वाटा, आळणीत उकळा आणि नारळाचं दूध अगदी शेवटी घाला. दूध घातल्यावर उकळी आली की फुटतं, म्हणून तिथून हलू नका. दाराची बेल वाजली तर वाजू दे.

तंगड्या रश्श्यात शेवटच्या पाच मिनिटांतच सोडायच्या. त्या शिजलेल्याच आहेत.

उकडून मग तळल्या किंवा तव्यावर भाजल्या तर?

छान होतात. आधी पूर्ण निथळून फडक्यानं कोरड्या करा, ओली तंगडी तेलात सोडली की तेल अंगावर येतं. लिंबू, चटणी, मीठ, थोडं तांदळाचं पीठ चोळून तव्यावर सगळ्या बाजूंनी भाजा. भाकरीबरोबर खा, सोबत कच्चा कांदा.

जिमसाठी खातोय. एका तंगडीत किती प्रोटीन?

कातडी काढून शिजवलेल्या तंगडीच्या शंभर ग्रॅम मांसात साधारण २५ ग्रॅम किंवा थोडं जास्त. हे नुसत्या मांसाचं, हाड सोडून. एका ड्रमस्टिकमधून पन्नासेक ग्रॅम मांस निघतं, म्हणजे बारा-तेरा ग्रॅम प्रोटीन. छातीत चरबी कमी असते, पण रोज कोरडी छाती चावून पोरं आठ दिवसांत वडापाववर येतात. त्यापेक्षा तंगडी बरी. आणि मीठ बंद करून उकडण्याचं खूळ डोक्यातून काढा, डॉक्टरांनी सांगितलं असेल तरच.

आजारी माणसाला, लहान मुलाला चालतं का?

तापातून उठलेल्याला गाळलेली आळणी आणि मऊ भात आमच्याकडं पूर्वापार देतात. पथ्य असेल तर डॉक्टरांना विचारून.

मुलांना देताना एक सांभाळा. ड्रमस्टिकच्या मोठ्या हाडाला लागून सुईसारखं एक बारीक हाड असतं, एका बाजूला टोकदार. मांस जास्त शिजलं की ते सुटून धाग्यांत लपतं. मांस कोमट असतानाच बोटांनी उसवा आणि ते हाड हातात आल्याशिवाय ताट पुढं करू नका. दोन तंगड्या, दोन सुया, मोजून.

बर्ड फ्लूची बातमी आली की काय करायचं?

नीट शिजलेल्या चिकनमध्ये तो विषाणू टिकत नाही, मांस आतपर्यंत सत्तर अंशांच्या वर गेलेलं असलं पाहिजे. काळजी घ्यायची ती कच्चं हाताळताना. आजारी किंवा मेलेली कोंबडी स्वस्तात मिळते म्हणून घेऊ नये, बातमी असो वा नसो.

उकडलेल्या तंगड्या किती दिवस टिकतात? आमच्याकडं लाईट जाते.

शिजल्यावर दोन तासांच्या आत फ्रीजमध्ये. एप्रिल-मेच्या उकाड्यात तासाभरात. मोठं पातेलं गरमच फ्रीजमध्ये कोंबू नका, परातीत गार पाणी घेऊन त्यात पातेलं ठेवा, पंधरा-वीस मिनिटांत निवतं. फ्रीजमध्ये तीन-चार दिवस, फ्रीझरमध्ये दोन-तीन महिने. खाताना वाफ येईपर्यंत गरम करा, आणि लागेल तेवढंच काढा, पुन्हा पुन्हा गरम करणं नको.

खानापूरकडं पावसात झाड पडलं की लाईट कधी येईल सांगता येत नाही. दार उघडलं नाही तर फ्रीज चार तासांपर्यंत गार राहतो. त्यापुढं गेलं असेल तर वास घेऊन ठरवू नका, टाकून द्या. जंतूंचा वास येतोच असं नाही.

फ्रीजमधली आळणी थरथरणारी जेली झाली! बिघडली?

उलट उत्तम झाली. हाडा-सांध्यांतला चिकटपणा उतरला की गार झाल्यावर ती अशी गोठते. गॅसवर ठेवली की पुन्हा पातळ. वरचा चरबीचा पिवळट थर चमच्यानं काढून ठेवा, त्यात दुसऱ्या दिवशी कांदा परतता येतो.

उरलेली हाडं कुत्र्याला घालू का?

शिजलेली नको. ती तुटताना त्यांची टोकं होतात आणि कुत्र्याच्या घशात, आतड्यात रुततात.

सासूबाई श्रावण पाळतात. फ्रीझरमध्ये तंगड्या ठेवलेल्या चालतील का?

तंगड्यांना चालेल. सासूबाईंना तुम्हीच विचारा.